शब्दचर्चा: गुरुत्वाकर्षण, विद्युतचुंबकत्व आणि मधला 'दुवा'

मुद्राराक्षस, गिरगाव
मुलांच्या विज्ञान प्रदर्शनाचे फलक तपासायला आलेत. एकाचा मथळा असा: 'गुरुत्वाकर्षणीय व विद्युतचुंबकीय आकर्षणातील संभाव्य दुवे'. लाल पेन उघडून पाऊण तास झाला, एकही खूण केलेली नाही. 'गुरुत्वाकर्षणीय' म्हणताना जीभ ठेचकाळते. 'गुरुत्वीय' हाताशी असताना एवढी लांबण कशाला? शिवाय विद्युतचुंबकीय 'आकर्षण'च का? सजातीय ध्रुव एकमेकांना ढकलतात, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. खरी अडचण मात्र 'दुवे'ची. आमच्या आजीच्या तोंडी दुवा म्हणजे गरिबाचा घ्यायचा तो. साखळीची कडी हा अर्थ मला मान्य आहे, पण या दोघांच्या मध्ये अशी कडी आहे, की फलकवाल्याने ती गृहीत धरली? जाणकारांनी बोलावं.

अनुस्वार, पार्ले
'गुरुत्व' फार जुना शब्द. वैशेषिक या प्राचीन दर्शनाच्या सूत्रांत 'संयोगाभावे गुरुत्वात् पतनम्' असं आहे. आधार सुटला की जडपणामुळे वस्तू पडते. इथे ओढणारं कुणी नाही, पडण्याचं कारण वस्तूच्याच अंगी आहे. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत (११५०) ओढणारी पृथ्वी भेटते, 'आकृष्टिशक्तिश्च मही'. ती जड वस्तूला आपल्याकडे ओढते आणि ती वस्तू 'पततीव भाति', पडल्यासारखी भासते. त्या 'इव'वर माझा फार जीव आहे. तर आपल्या जोडशब्दात या दोन कल्पना शेजारी येऊन बसल्यात. (वर्गव्यस्ताचा नियम, म्हणजे अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई, यात शोधू नये, तो तिथे नाही. दर दोन महिन्यांनी कुणीतरी शोधतंच, म्हणून आधीच सांगते.)

गंमत पुढेच आहे. वैशेषिकाच्या त्याच अध्यायात सुई चुंबकाकडे सरकते, त्याचं कारण 'अदृष्ट', म्हणजे न दिसणारं काही, असं दिलंय. दगड पडणं आणि सुई सरकणं त्यांनी एका पोत्यात भरलं नव्हतं. 'आकर्षण' नावाचं पोतं आपण शिवलं.

मुद्राराक्षस
वा! म्हणजे फलकवाला त्या पोत्यातच बसून लिहितोय. जाता जाता, संधी केला तर 'विद्युच्चुंबकीय' होतं. शुद्ध आहे, पण मुलं फलकापासून पळतील.

तिसरी पाळी, कल्याण
माझी हयात रेल्वेच्या कारशेडात गेली, पुस्तकी शास्त्रात मला गती नाही. पण तुम्ही 'भार' हा शब्द घ्या. पोत्याचं वजन तो भार. विजेचा लोड तोही भार, भारनियमन काय विसरलोय आपण? आणि आमच्या वेळी चार्जलाही भारच म्हणायचे, धनभार आणि ऋणभार. नातीच्या पुस्तकात आता 'प्रभार' आलाय. मी म्हटलं, बाळा, साहेब रजेवर गेला की हाताखालच्याला मिळतो तो प्रभार! ती हसली नाही.

खडूफळा, मुलुंड
काका, हसा, पण मुलांना शिकवताना 'प्रभार'च बरा पडतो. 'भार' म्हटलं की वजन आणि चार्ज सख्खे भाऊ वाटायला लागतात, आणि गोम तिथेच आहे. वस्तुमान एकाच जातीचं, त्यामुळे ते साठतच जातं. प्रभार दोन जातींचे, ते एकमेकांना फेडून टाकतात. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्यातली विजेची ओढ त्यांच्यातल्या गुरुत्वीय ओढीच्या साधारण २ वर ३९ शून्यं इतक्या पट आहे. वर्गात मी फ्रिजवरचं सिद्धिविनायकाचं चुंबक नेतो. त्याने टाचणी उचलली की विचारतो, खालून तिला कोण ओढतंय? अख्खी पृथ्वी. आणि जिंकलं कोण? रुपयाएवढं चुंबक.

आता 'दुवा'. माझ्या मते या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात. अंतर दुप्पट झालं की दोन्ही बलं चौथाईवर येतात, हे साम्य किंवा साधर्म्य. माझी आणि शेजाऱ्याची चप्पल एका मापाची आहे म्हणून आम्ही नातेवाईक ठरत नाही. दुसरी गोष्ट परिणामाची. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आणि सूर्याजवळून येताना ती वाकते. आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे सूर्याच्या कडेला १.७५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), आणि १९१९च्या ग्रहणात तसं मोजलं गेलं. २०१७च्या १७ ऑगस्टला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळातली थरथर) आणि गॅमा किरण यांच्यात फक्त १.७ सेकंदांचा फरक होता, तोही सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांच्या प्रवासानंतर. दोघांचा वेग एकच, इतकं त्यावरून खात्रीने म्हणता येतं.

तिसरी गोष्ट म्हणजे दोन्हींचं मूळ एकच असणं. फॅरडेला हे मनापासून वाटायचं. १८४९मध्ये त्याने तारेच्या वेटोळ्यातून वस्तू खाली सोडून पाहिल्या, वीज उमटते का म्हणून. उमटली नाही. निकाल नकारार्थी आहे, पण नातं असल्याची माझी भावना ढळलेली नाही, असं त्याने लिहून ठेवलं. १८५९मध्ये पुन्हा लंडनच्या छर्रे पाडण्याच्या मनोऱ्यात शिशाची मोठाली वजनं वरखाली केली. तेव्हाही काही नाही. कालुझा या जर्मन गणितज्ञाने १९२१मध्ये पाचवी मिती घेऊन गणितात दोघांना एकत्र बसवलं, आइन्स्टाइन शेवटपर्यंत मागे लागला होता. प्रयोगाने सिद्ध झालेला दुवा आजही हातात नाही.

बंदरावरची, कुलाबा
वजन वेगळं आणि वीज वेगळी, याचं आमच्या दाराशीच उदाहरण आहे की! कुलाब्याच्या वेधशाळेत भूचुंबकत्वाच्या नोंदी व्हायच्या. १८५९च्या सप्टेंबरमधलं प्रचंड सौरवादळ इथल्या उपकरणांनी टिपलंय. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तशी ती उपकरणं अलिबागला हलवावी लागली. तिथलं काम १९०४ला सुरू झालं, ट्राम धावली १९०७ला. घोड्यांच्या ट्राम १८७४पासून होत्याच, त्यांच्या वजनाने कुणाचं बिघडलं नव्हतं. घाबरायचं होतं तारेतल्या विजेला, तिच्या चुंबकत्वाने नोंदी बिघडल्या असत्या.

अनुस्वार
आणि 'क्षेत्र' राहिलंच. शेत त्याच्यापासूनच आलं, तीर्थक्षेत्रातही तेच, क्षेत्रफळातही तेच. हिंगोली जिल्ह्यात श्रीक्षेत्र औंढा नागनाथच्या परिसरात लायगोची वेधशाळा होतेय, चार-चार किलोमीटरचे दोन बाहू असलेली. गुरुत्वीय लहर आली की त्या बाहूंच्या लांबीत पडणारा कणभर फरक लेझरच्या प्रकाशाने मोजायचा. ज्योतिर्लिंगाच्या क्षेत्रात गुरुत्वीय क्षेत्रातली थरथर विद्युतचुंबकीय क्षेत्राकडून मोजून घ्यायची. कीर्तनकाराला तासभर पुरेल एवढा ऐवज आहे हा.
मात्र तिथे 'गुरुत्व लहरी' लिहू नका, 'गुरुत्वीय लहरी'च लिहा. पाण्यावरच्या आणि हवेतल्या, वजनामुळे खालीवर होणाऱ्या लाटा वेगळ्या, त्यांच्यासाठी 'गुरुत्व लहरी' मोकळा ठेवलेला बरा.

मुद्राराक्षस
सगळ्यांचे आभार. नवा मथळा पाठवला: 'गुरुत्व आणि विद्युतचुंबकत्व: साम्य, परिणाम आणि अजून न सापडलेला दुवा'. 'गुरुत्वाकर्षणीय' गेलं. 'आकर्षण' आत एकाच ओळीत राहिलंय, टाचणीच्या चित्राखाली.

मघाशी फलकवाल्याचा फोन आला. मथळा तीन फुटांत बसत नाही, 'अजून न सापडलेला' काढू का, असं विचारत होता. म्हटलं, तेवढं सोडून काहीही काढ.