वाघ आणि धबधबे एकाच फेरीत: कोकणातून मध्य प्रदेशात जाणाऱ्यांसाठी

कोकणातून मध्य प्रदेशातलं जंगल बघायला जाणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: पन्ना व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आणि आसपासचे धबधबे एकाच फेरीत होतात का? ज्यांनी ही वाट पुन्हापुन्हा केली आहे त्यांनी नेमकं लिहावं, ही विनंती. महिना, गेट, गाडी, अंतर, काय चुकतं आणि का चुकतं, एवढंच हवं. प्रवासवर्णन नको. आलेली उत्तरं खाली आहेत, प्रत्येकाच्या वर लिहिणाऱ्याचं गाव.

रत्नागिरी

आधी महिना ठरवा, मग जंगल. मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांचं गाभा क्षेत्र (आतलं मुख्य जंगल) १ ऑक्टोबरला उघडतं आणि ३० जूनला बंद होतं. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर आत प्रवेश नाही. तिकडचा पाऊस पडतो नेमका याच तीन महिन्यांत. म्हणजे धबधबा भरात असतो तेव्हा गेट बंद, आणि वाघ पाणवठ्यावर येऊन बसतो तेव्हा धबधब्याचा नुसता कातळ उरलेला. हे लक्षात न घेता मे महिन्याची तिकिटं काढणारे धबधब्यावर जाऊन हिरमुसतात, आणि पाणी बघायला ऑगस्टमध्ये जाणारे गेटवरून परततात.

दोन्ही साधायचं तर साधारण १० ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य. पाणी ओसरलेलं पण वाहतं, गेट उघडलेलं. मात्र या दिवसांत गवत पुरुषभर उंच असतं आणि रानात जागोजागी पाणी असतं, त्यामुळे जनावराला ठरावीक पाणवठ्यावर यायची गरज नसते. वाघ दिसण्याची शक्यता उन्हाळ्यापेक्षा बरीच कमी. वाघच बघायचा असेल तर मार्च ते जून. मार्चमध्ये पानगळ झालेली असते आणि ऊन अजून सोसण्याजोगं असतं. मे महिन्यात पारा ४२-४५ अंशांवर जातो.

आपल्याकडच्या धंद्यांशी हे जुळवून बघा. आंबा बागायतदाराला एप्रिल-मे हलता येत नाही, त्याला ऑक्टोबर बरा. मच्छीमारांची बंदी १ जून ते ३१ जुलै, त्यांनी जूनचा पहिला पंधरवडा धरावा, त्यापुढे नाही: पाऊस लवकर आला तर रानातले कच्चे रस्ते चिखलात जातात.

चिपळूण

परवान्याबद्दल लिहितो, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात.

सफारीचा परवाना एमपी ऑनलाइन या संकेतस्थळावर, वन विभागाच्या पानावर निघतो, १२० दिवस आधीपासून. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यातले शनिवार-रविवार पहिल्या काही दिवसांतच संपतात, तेव्हा रेल्वेच्या तिकिटाआधी परवाना काढा. एक परवाना म्हणजे एक तारीख, एक गेट, एक पाळी (सकाळ किंवा दुपार). एका जिप्सीत (सफारीच्या उघड्या गाडीत) सहा पर्यटक, शिवाय चालक आणि वाटाड्या. पानावर भरता ती फी प्रवेशाची. जिप्सीचं भाडं आणि वाटाड्याचे पैसे वेगळे असतात हे धरून चाला आणि रोख जवळ ठेवा.

नाव भरताना ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला, तेच मूळ ओळखपत्र गेटवर दाखवावं लागतं. आधारचा क्रमांक भरला आणि हातात वाहन परवाना नेला तर अडवतात. झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो चालेल या भरवशावर राहू नका. सहातला एक जण आयत्या वेळी गळला तर त्याच्या जागी दुसऱ्याला सहज बसवता येत नाही, म्हणून सगळ्यांचं नक्की झाल्यावरच नावं भरा.

बुधवारी दुपारची पाळी बंद असते. होळीच्या सणालाही गेट बंद ठेवतात. शिमग्याला पालखी सोडून आपल्याकडचा माणूस तसाही बाहेर पडत नाही, पण मुंबई-पुण्यातले नातेवाईक त्या सुट्टीत बेत आखतात, त्यांना सांगून ठेवा.

पन्न्याला दोन मुख्य गेटं: मडला आणि हिनौता. मडला खजुराहोहून सुमारे २५ किलोमीटर, केन नदीच्या काठी, पन्ना-खजुराहो रस्त्यालाच लागून. हिनौता पन्ना शहराच्या पलीकडून. खजुराहोत मुक्काम आणि परवाना हिनौताचा, ही नेहमीची चूक. सकाळच्या पाळीला सूर्योदयाच्या सुमारास गेट उघडतं, त्यासाठी मग भररात्री निघावं लागतं. परवाना हातात आल्यावर गेटाचं नाव वाचा आणि मगच खोली घ्या.

कुडाळ

गाड्यांचं. मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस रोज धावते आणि रत्नागिरी, पनवेल, भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी असा रस्ता घेते. पन्न्यासाठी झाशीला उतरायचं, तिथून खजुराहो रस्त्याने सुमारे १७५ किलोमीटर. सातपुडा व्याघ्र प्रकल्पासाठी इटारसी. दोन्हीकडे मध्ये गाडी बदलावी लागत नाही. ज्येष्ठ माणसं आणि सामान बरोबर असलं की याची किंमत कळते.

याशिवाय नागपूर-मडगाव आणि जबलपूर-कोइंबतूर या विशेष गाड्या कोकण रेल्वेने जातात. पहिली पेंच व्याघ्र प्रकल्पासाठी सोयीची, दुसरी जबलपूर आणि पिपरियासाठी (इथून पचमढीला जातात). त्या विशेष असल्यामुळे त्यांना ठरावीक मुदतीने वाढ मिळते. चार महिन्यांपुढचा बेत त्यांच्यावर बांधू नका.

आणि एक गोष्ट कोकणाबाहेरच्या माणसाला माहीत नसते, आपणही विसरतो. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरात शिरेपर्यंत चालतं. म्हणजे गाभा उघडतो त्या पहिल्या आठवड्यांत गाड्या नेहमीच्या वेळेवर नसतात, काही तासांचा फरक पडतो. जोडगाडी असेल तर ही वेळ तपासूनच आरक्षण करा. परतताना झाशीला किमान चार तास हातात ठेवा. दुपारची सफारी करून त्याच रात्रीची गाडी पकडायचा बेत करू नका.

देवरुख

मारळचा मार्लेश्वर, चिपळूणचा सवतसडा, आंबोली ज्यांनी पावसाळ्यात पाहिली आहे त्यांना पाण्याच्या जोरासाठी एवढं लांब जायची गरज नाही. खजुराहोजवळच्या रनेह धबधब्याला जायचं ते दगडासाठी. हे मनाशी पक्कं असलं की ऑक्टोबर काय आणि फेब्रुवारी काय, फेरी वाया जात नाही.

रनेह खजुराहोहून सुमारे २० किलोमीटर. केन नदीने ग्रॅनाइट कापून सुमारे पाच किलोमीटर लांब आणि ३० मीटर खोल घळ केली आहे. कठड्याशी उभं राहून समोरचा कडा दुर्बिणीतून बघा. गुलाबी दिसतात ते फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक, मधले काचेसारखे ठिपके क्वार्ट्झचे, म्हणजे गारेचे. पाण्याच्या रेषेजवळ तोच दगड काळपट राखाडी होतो आणि वर जाऊ तसा तांबूस. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर उन्हाची तिरीप कड्यावर तिरकी पडते तेव्हा हे रंग वेगळे ओळखू येतात. भर दुपारी सगळं पांढरट दिसतं.

आता धोक्याचं. आपले पाय जांभ्याला सरावलेले. जांभा सच्छिद्र आणि खरबरीत, त्यावर शेवाळ नसेल तर चप्पलसुद्धा धरते. ग्रॅनाइट पाण्याने शतकानुशतकं घासलेला, त्यावर पाय ठेवायला खाच नाही. ओला तर घसरतोच, पण कोरड्यावर वाळूची बारीक पूड असली तरी पाय निसटतो. घळीच्या काठाला उतार आत खोल पाण्याकडे आहे. कठडा ओलांडून फोटो काढणारे याच चुकीने पडतात. लहान मुलांचा हात सोडू नका, आणि पोहायला येतं म्हणून खाली उतरू नका. खाली मगरी आहेत.

हे ठिकाण केन घडियाल अभयारण्यात येतं. क्षेत्र ४५ चौरस किलोमीटर. प्रवेश फी घेतात, पावती जपून ठेवा. घडियाल दिसेलच अशी खात्री धरू नका, संख्या थोडी आहे. दिसलाच तर थंडीत, सकाळी उन्हं वर आल्यावर वाळूच्या पुळणीवर. वाशिष्ठीतल्या मगरी पाहिलेल्यांना फरक लगेच कळतो: मगरीचं तोंड रुंद, घडियालचं लांब चिमट्यासारखं, आणि मोठ्या नराच्या नाकाच्या टोकावर मडक्यासारखा गोळा. तो मासे खातो.

पांडव धबधबा वेगळ्या जातीचा. पन्न्याहून साधारण १४ किलोमीटर, खजुराहोच्या रस्त्यावर. खाली डोह आणि कपारी आहेत आणि कड्यातून पाणी झिरपत राहतं, त्यामुळे रनेह आटलं तरी इथे ओलावा टिकतो. पायऱ्या उतराव्या लागतात, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावी. सकाळची सफारी मडला गेटातून असेल तर बाहेर पडल्यावर नाश्ता करून इथे या आणि चारनंतर रनेह. एका दिवसाचा हा क्रम नीट बसतो.

म्हसळा

वाघ नाही दिसला म्हणून पन्न्याहून तोंड पाडून येणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, मान वर करा. आमच्या चिरगावला पांढऱ्या पाठीची गिधाडं झाडावर घरटी करतात. पन्न्यात लांब चोचीची गिधाडं कड्याच्या कपारीत करतात. केनच्या कड्यांवर पांढऱ्या विष्ठेचे लांब ओघळ दिसले की तिथे दुर्बीण लावा, घरटं सापडतं. जनावरांना देत असलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे, मेलेली जनावरं खाणारी ही गिधाडं देशभर संपत आली. पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली. त्यानंतरही टिकलेल्या वसाहती बघायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

पन्न्याचा वाघही असाच परत आलेला. २००९ पर्यंत तिथले सगळे वाघ संपले होते. त्याच वर्षी बांधवगड आणि कान्हामधून वाघिणी आणि पेंचमधून नर आणला. तो नर निघाला थेट दक्षिणेला, आपल्या जुन्या रानाच्या दिशेने. कित्येक दिवस माग काढून त्याला परत आणावं लागलं. एप्रिल २०१० मध्ये पहिली पिल्लं झाली. आपल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाकडे डोळे लावून बसलेल्या प्रत्येकाने वाटाड्याला हे सगळं विचारावं. ते मनापासून सांगतात.

दापोली

पावसाळ्यातच सुट्टी मिळत असेल तर पन्ना सोडा, पचमढी धरा. सातपुड्याचा गाभा बंद असला तरी पचमढी गाव आणि तिथली ठिकाणं चालू असतात. इटारसीहून पिपरिया रेल्वेने ६७ किलोमीटर, तिथून घाटाने पन्नासेक किलोमीटर वर. आपली गाडी बऱ्याच ठिकाणी चालत नाही, स्थानिक जिप्सी घ्यावी लागते. परवाना बायसन लॉजवर मिळतो, ओळखपत्र लागतं. सकाळी लवकर रांग लावा.

बी फॉलला भरपूर पायऱ्या आहेत, उतरताना काही वाटत नाही, चढताना दम काढतात. अप्सरा विहारपासून थोडं चालून गेलं की रजत प्रपात दिसतो, शंभर मीटरहून उंच, पण लांबूनच. त्याच्या पायथ्याशी जायचा हट्ट नको. इथला दगड वालुकाश्म, कडेला ठिसूळ. नागपंचमीच्या आधीचे आठ-दहा दिवस नागद्वारीची यात्रा असते, विदर्भातून लाखो लोक येतात. यात्रेला जायचं नसेल तर ते दिवस टाळा, खोली मिळणार नाही.

ऑक्टोबरनंतर सफारी हवी तर सातपुड्याचं मढई गेट. सोहागपूरहून साधारण २० किलोमीटर. तवा धरणाचं पाणी देनवा नदीत मागे चढलेलं आहे, ते होडीने ओलांडून पलीकडे जिप्सीत बसायचं. होडीची वेळ धरून अर्धा तास आधी पोहोचा.

वेंगुर्ले

जबलपूरजवळच्या भेडाघाटबद्दल दोन ओळी. तिथला धुवांधार धबधबा भर पावसात बघायला जाऊ नका. नर्मदेला पूर आला की खालचं पाणी वर चढतं आणि धबधबा चक्क नाहीसा होतो. संगमरवरी कड्यांमधली नौकाही पावसाळ्यात बंद. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी चांगलं. जबलपूरला मुक्काम करून कान्हा किंवा बांधवगड जोडता येतं, पण दोन्ही रस्त्याने चार-साडेचार तास, तेव्हा दोन्हींपैकी एकच.

गुहागर

कपडे आणि सामान यावर कोणी लिहिलं नाही. आपल्याला थंडीची सवय नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, आणि उघड्या जिप्सीत वारा तोंडावर येतो. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ थर घाला, वर वारा अडवणारं जर्किन. कानटोपी, हातमोजे, आणि गुडघ्यांवर घ्यायला घोंगडी. नऊनंतर ऊन चढतं तसे थर उतरवायचे. रंग मळकट असावेत, लाल-पांढरा नको. तोंडावर बांधायला सुती पंचा, धूळ फार.

मोबाईल गाभा क्षेत्रात वापरू देत नाहीत, गेटवर ठेवून द्यायची तयारी करूनच जा. फोटो काढायचे तर कॅमेरा न्या. दुर्बीण ८×४२ पुरते, त्याहून जास्त ताकदीची जिप्सीत हलते.

सांबराचा एकच मोठा टाहो आला की चालकाला इंजिन बंद करायला सांगा आणि गप्प बसा. चितळ कशालाही ओरडतं, सांबर सहसा उगीच ओरडत नाही. वानर झाडावरून एकाच दिशेला टक लावून खोकत असेल तर तीच दिशा धरा. घाई करून दुसऱ्या रस्त्याला वळणाऱ्या जिप्सीच्या मागे वाघ रस्ता ओलांडून जातो. तेव्हा अशा वेळी किमान पंधरा मिनिटं जागेवरून हलू नका.

चिपळूण

गुहागरच्या मजकुराला जोड: जिप्सीत मागच्या बाकाला धक्के जास्त बसतात. पाठीचा त्रास असणाऱ्याला मधल्या बाकावर बसवा, आणि हे निघण्यापूर्वीच ठरवा. आत शिरल्यावर जागा बदलायला खाली उतरता येत नाही.