साखर काठावर आली तेव्हा: आपापले अनुभव सांगा

गेल्या वर्षी शाळेतल्या आरोग्य तपासणीत माझी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.१ आली. उपाशीपोटीची १०८. डॉक्टर म्हणाले, "५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ ला मधुमेह. अजून आपल्या हातात आहे." तरी घरी येऊन मी रडले. मधुमेहात माझ्या वडिलांच्या पायाचं बोट काढावं लागलं होतं आणि ती जखम मी वर्षभर रोज धुतली आहे.

सुरुवात चहापासून केली. पाच कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दिवसाला दहा चमचे साखर! दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी केला आणि महिन्याभरात बिनसाखरेच्या चहावर आले. खारी-टोस्टच्या जागी फुटाणे. पोळ्या चारच्या दोन झाल्या, आणि ताटातली कोशिंबीर-उसळ आधी संपवून मगच पोळीला हात लावते. त्यामुळे पोळीची साखर रक्तात सावकाश उतरते. रात्री जेवल्यावर ओटा आवरायच्या आधी वीस मिनिटं चालून येते. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, म्हणून ही वेळ मी कुणालाही देत नाही.

डॉक्टरांनी वजन ७ टक्के कमी करायचं उद्दिष्ट दिलं. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात (२००२) तेवढीच वजनातली घट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच लोकांकडून मागितलं होतं, आणि मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मी ७१ वरून ६६ किलोवर आले. साखर ५.८.

तुम्ही काय केलंत? काय जमलं नाही? आकडे किती हलले? गोळी चालू असेल तर तेही मोकळेपणाने लिहा.

चाकण, वय ३९, कारखान्यात पाळीची नोकरी

माझं वजन ६३ किलो, उंची पाच फूट सात इंच. रिपोर्टमध्ये ६.० बघून घरच्यांचा विश्वासच बसेना, "तू तर काडीपैलवान!" डॉक्टरांनी टेपने पोट मोजलं: ९४ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० च्या वर गेलं की धोका समजतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर खूप काम केलं आहे. ते आणि इंग्लंडचे डॉ. यडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच २२.३, पण मोजल्यावर याज्ञिकांच्या अंगात चरबी २१ टक्के आणि यडकिनांच्या ९ टक्के निघाली. हे समजलं तेव्हा माझा रिपोर्ट मला पटला.

मला वजन कमी करायचं नव्हतं, स्नायू वाढवायचे होते. घरीच उठाबशा, भिंतीला टेकून जोर, पाण्याचे कॅन उचलणं, आठवड्यातून चार दिवस. रात्रपाळीला कँटीनचा भात बंद करून डब्यात दोन अंडी, मटकी आणि एक भाकरी नेतो. पाळी बदलली की झोपेचं गणित अजूनही बिघडतं आणि त्या आठवड्यात सकाळची साखर हमखास दहा-बारा अंकांनी जास्त येते. यावर कुणाकडे उपाय असेल तर हवा आहे.

मालवणजवळ, वय ५८

सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात, रात्री भात. भात सुटणार नाही हे मी डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, मग मोजून खा. आता भात हाताने वाढून घेत नाही, वाटीने घेते: दुपारी एक वाटी, सोबत बांगडा नाहीतर कुळथाची पिठी आणि पालेभाजी. रात्री नाचणीची भाकरी. सहा महिन्यांत ६.३ ची ५.९ झाली.

एक सांगते, नाचणी चांगली म्हणून मी सत्त्वाची पेज प्यायला लागले होते. दोन तासांनी साखर १६८! गाळलेलं, बारीक, पातळ शिजवलेलं पोटात गेलं की लगेच साखर होते. भाकरीने तसं होत नाही.

नागपूर, वय ३४

गरोदरपणात साखर वाढली होती, बाळंतपणानंतर नॉर्मल झाली आणि मी विसरले. तीन वर्षांनी ५.९. ज्यांना गरोदरपणात झाली होती त्यांनी दरवर्षी तपासा, एवढंच सांगायला आले.

लेस्टर, इंग्लंड, वय ५१

इथे आकडा वेगळ्या मापात येतो. माझा ४४ होता. इथे ४२ ते ४७ ला प्रीडायबेटिस धरतात. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, ४४ म्हणजे फारच कमी, काहीतरी खा!" सरकारी आरोग्यसेवेने गटाच्या वर्गात पाठवलं. तिथल्या आहारतक्त्यात पोहे-उपमा कुठे बसवायचे ते माझं मलाच शोधावं लागलं. पोह्यांत निम्मे मटार-शेंगदाणे घालतो, सोबत वाटीभर दही. थंडीत बाहेर पडवत नाही, तेव्हा जेवण झालं की घरातला जिना दहा मिनिटं चढतो-उतरतो. आता ४०.

ठाणे, वय ४९

माझी खाली आली नाही. दीड वर्ष सगळं केलं, सात किलो उतरवले, तरी ६.२ ची ६.४. आई, वडील, दोन्ही मावश्या मधुमेही. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी सुरू झाली त्या दिवशी परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटलं. चेन्नईच्या अभ्यासात (२००६) आहार-व्यायामाने धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला, म्हणजे तिथेही सगळ्यांचा टळला नव्हता, हे वाचून थोडा धीर आला. चालणं सोडलेलं नाही. कृपया "मनापासून केलं की होतंच" असं कुणाला म्हणू नका.

*(मूळ लेखिकेकडून: हे वाचून घशात आवंढा आला. तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत.)*

अकोला, वय ४१

माझी ६.२ होती, पण हिमोग्लोबिन ८.९. लोह कमी असलं की एचबीए१सी खोटी वाढलेली दिसू शकते. उपाशीपोटीची ९२ होती म्हणून डॉक्टरांना शंका आली. लोहाच्या गोळ्यांनंतर ५.५. बायकांनी एचबीए१सी आणि हिमोग्लोबिन, दोन्ही तपासण्या सोबत कराव्यात.

इंदापूर तालुका, वय ५५, शेती

शेतकऱ्याला कसली शुगर, असं मीही म्हणायचो. पण ठिबक आलं, मोटर मोबाईलवरून चालू होते, रानात जायला गाडी. दिवसभरात हजार पावलंही होत नव्हती. ५.९ आल्यापासून गाडी घरी ठेवतो, रान दोन किलोमीटर आहे, जाऊन-येऊन चार. एकादशीला साबुदाण्याऐवजी भगर अन् शेंगदाण्याची आमटी, तीही बेतानेच. मंडळीही आता सोबत येतात चालायला. सोमवारी दोघांचं रक्त द्यायचंय, आकडा आला की लिहितो.