तास कापले, काम तेवढंच: तुमच्याकडे काय झालं?

आमच्या लॅबमध्ये मार्चपासून दोन्ही टेक्निशियन मुलींचे तास आठवरून पाचवर आणले. मालक म्हणाले, दुपारी गर्दी असते कुठं? गर्दी नसते, खरंय. पण फ्रिजचं तापमान टिपणं, रीएजंटच्या (तपासणीच्या रसायनांच्या) मुदती बघणं, बाहेर पाठवायची सॅम्पलं बांधणं, उद्याच्या ट्यूब मांडून ठेवणं हे सगळं त्या दुपारीच उरकायच्या. आता ते माझ्या गळ्यात.

कोथरूडचे आजी-आजोबा साडेसहालाच उपाशीपोटी दारात हजर. घाईत एकदा मी ट्यूबवर लेबलं आधीच चिकटवून ठेवली. समोर दोन कुलकर्णी. एकांची ट्यूब दुसऱ्यांसाठी उचललीसुद्धा होती; वय वाचलं म्हणून सुई टोचण्याआधी हात थांबला. त्या दिवसापासून लेबल रक्त काढल्यावरच, माणूस खुर्चीत असताना, त्याच्या तोंडून पूर्ण नाव वदवून. रांग कुरकुरते, कुरकुरू दे.

आणि काही वेळ कापताच येत नाही. साध्या ट्यूबमधलं रक्त गोठायला अर्धा तास लागतो म्हणजे लागतो. त्याआधी सेंट्रिफ्यूजला, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्राला घातलं तर सीरममध्ये, म्हणजे वर सुटलेल्या पाण्यात, तंतू राहतात आणि मशीनची नळी तुंबते. म्हणून बोर्डावरचं 'रिपोर्ट दुपारी दोन' पुसून 'सायंकाळी सहा' केलं. आठवडाभर शिव्या खाल्ल्या.

तुम्हीही लिहा. 'वेळेचं नियोजन करा' छाप सल्ले नकोत. नेमकं कोणतं काम सोडलंत आणि ते कुणाला सांगितलंत, ते हवंय.

भोसरी, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या कातकाम मशीनचा) ऑपरेटर

ऑर्डरी घटल्या म्हणून तिसरी पाळी बंद केली. ऑर्डरी परत आल्या, पाळी आली नाही. आता दोन मशीन माझ्याकडे. सायकल साडेचार मिनिटांची, झालेला जॉब (पीस) काढून नवा लावायला पाऊण मिनिट, कागदावर झकास बसतं. इन्सर्ट (कापणारं पातं) कधी बदलायचा आणि चिप (धातूचा कीस) कधी काढायची, ते कागदात नाही. एका दुपारी बोअर, म्हणजे पीसमधलं भोक, मापापेक्षा मोठा जात राहिला, मला कळेपर्यंत सव्वीस पीस रिजेक्ट. मग सुपरवायझरला सांगितलं, दर दहाव्या पीसला गेज लावून माप बघणारच, तोवर दुसरं मशीन उभं राहिलं तर राहील. किती मिनिटं उभं होतं ते खडूने पॅनेलवर लिहितो. साहेब फेरी मारतात तेव्हा वाचतात, बोलत काही नाहीत.

जादा थांबवतात त्याचे पैसे साध्या दराने देत होते. दुप्पट दर १९४८ च्या कारखाना कायद्यात होता, आता आलेल्या कामगार संहितेतही आहे. आम्ही सहाजण मिळून विचारायला गेलो. एकट्याने जाऊ नका.

शनिपार, निवृत्त बँक कर्मचारी

आम्ही हाताने लेजर लिहायचो, तेही तीन माणसांचं. कुरकुर नव्हती.

*(काका, तुमची खिडकी ठरल्या वेळी बंद व्हायची. आमची कुठं होते?)*

वाकड, सोसायटीत सफाई (आई सांगतेय, टाइप मी करतेय)

आठाचे पाच तास झाले, पगारही त्याच मापाने उतरला. विंगा चारच्या चार. पहिला महिना मी पळत पळत सगळं पुसलं. कमिटीवाले म्हणाले, बघा, पाच तासांत होतं की! तिथंच चुकलं माझं. गुडघे धरले ते वेगळंच. मग जोडीच्या बाईने आणि मी ठरवलं, जिने एक दिवसाआड, पार्किंग फक्त शनिवारी. पहिल्याच मंगळवारी डी विंगमधून फोन. मॅनेजर म्हणाला, लेखी द्या. लेकीने कागद करून दिला, तो लिफ्टशेजारी लावला. पावसाळ्यात जिन्यांवर चिखल झाला तेव्हा लोकांनी तो वाचला. आता साडेसहा तास झालेत. आठ अजून नाहीत. मधल्या वेळात एका घरी पोळ्या लाटते.

(पोळ्यांचं लिहू नको म्हणाली होती.)

रास्ता पेठ, वॉर्ड सिस्टर

आमच्याकडे मावशींची रात्रपाळी अर्धी केली. अकरानंतर बेडपॅन, चादरी, पेशंटला एक्स-रेला नेणं सगळं सिस्टरनेच. नर्सिंग कौन्सिलच्या प्रमाणाने जनरल हॉस्पिटलला पाच पेशंटमागे एक सिस्टर. माझ्याकडे त्या रात्री चौदा होते. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, ती एकटीने कशी बदलणार? नव्वद किलोचे गृहस्थ. सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर (चार्ज) देताना वहीत लिहिलं, 'चार नंबर, कूस बदलली नाही, एकटी होते.' मेट्रन चिडल्या. असलं लिहून ठेवतात का, उद्या नातेवाइकांनी वही मागितली तर?

भोसरी

त्यांचंही खरं आहे. लिहिलेलं आपल्यावरच उलटतं कधीकधी. मग थांबवलंत का लिहिणं?

रास्ता पेठ

नाही. आता मदतीला कितीला फोन केला आणि कोण आलं नाही, तेही लिहिते.