ताप उतरला, तरी मेंदूज्वराची इंजेक्शनं चालूच का?

चोपड्याचा मामा:
नमस्कार मंडळी. माझा १९ वर्षांचा भाचा मेंदूज्वराने जळगावात अ‍ॅडमिट आहे. मणक्यातलं पाणी गढूळ निघालं, रिपोर्टात न्यूमोकॉकस नावाचा जंतू आला. सेफ्ट्रियाक्सोनचं अँटिबायोटिक इंजेक्शन २ ग्रॅम दर १२ तासांनी चालू आहे. आधी जोडीला व्हॅन्कोमायसिन होतं, रिपोर्टनंतर बंद केलं. आता ताप नाही, पोरगा कळण्याची भाकर मागतोय. घरचे म्हणतात सुट्टी घ्या, पुढचं गोळ्यांवर बघू. डॉक्टर म्हणतात १४ दिवस पूर्ण करा. वडिलांना न्यूमोनियात हेच इंजेक्शन रोज १ ग्रॅम दिलं होतं, मग याला चौपट का? बहिणीला काय सांगू?

धुळे फार्मसी:
मामा, सुट्टी अजिबात घेऊ नका. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे, आयसीयूची औषधं आमच्याकडूनच जातात.

मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना फार घट्ट चिकटलेल्या असतात. रक्तातलं औषध मेंदू-मणक्याभोवतीच्या त्या पाण्यात सहज उतरत नाही. त्यात सेफ्ट्रियाक्सोनचा ९० टक्क्यांच्या आसपास भाग रक्तातल्या प्रथिनांना धरून बसतो, आत जातो तो उरलेला मोकळा भाग. फुप्फुसाला असा पहारा नाही, म्हणून तुमच्या वडिलांना १ ग्रॅम पुरलं. शिवाय त्या पाण्यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती फारच तोकडी असते. जंतू मारायचं काम जवळपास सगळं औषधालाच करावं लागतं.

आता बहिणीला हे नक्की सांगा. मेंदूच्या आवरणाला सूज असते तेव्हा पेशींमधले ते घट्ट सांधे सैल पडतात आणि औषध बऱ्यापैकी आत जातं. सूज उतरली की सांधे पुन्हा आवळतात. म्हणजे पोराला बरं वाटायला लागतं तेव्हाच आत पोचणारं औषध कमी होतं! म्हणून डोस शेवटच्या दिवसापर्यंत तोच, आणि शिरेतूनच. या गटातल्या गोळ्यांनी रक्तातच तेवढी पातळी येत नाही, मग आत काय पोचणार?

व्हॅन्कोमायसिनचा रेणू मोठा, तो मुळातच कमी शिरतो. सोबत डेक्सामेथासोन दिलं की सूज घटते, मग आणखी कमी. पण रिपोर्ट येईपर्यंत जंतू सेफ्ट्रियाक्सोनला दाद देईल की नाही हे माहीत नसतं, म्हणून दोन्ही देतात.

शहादेकर:
ताई, मग आमच्या आईचा टीबीचा मेंदूज्वर गोळ्यांवर कसा बरा झाला? वर्षभर गोळ्याच होत्या.

धुळे फार्मसी:
भाऊ, औषधं वेगळी. आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइडचे रेणू लहान, ती पोटातून घेतली तरी त्या पाण्यात जवळपास रक्ताइतकीच उतरतात. रिफाम्पिसिन त्यामानाने बरंच कमी जातं, तरी ते सोडून चालत नाही. स्ट्रेप्टोमायसिन तर सूज उतरल्यावर जवळजवळ जातच नाही.

चोपड्याचा मामा:
ताई, फार उपकार झाले. बहिणीला वाचून दाखवलं, भाऊजींनाही पटलं. १४ दिवस पूर्ण करतो.

धुळे फार्मसी:
छान. एक राहिलं, मामा. न्यूमोकॉकसच्या मेंदूज्वरात कानाची नस दुखावू शकते. सुट्टीआधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. तिथे सोय नसेल तर महिन्याच्या आत कानाच्या डॉक्टरांकडे न्या, पोरगा नीट ऐकतोय असं वाटलं तरी.