‘माहिती तंत्रज्ञान सल्लागार परिषद’ : परिषद, मंडळ की समिती?

व्हर्जिनियाकर :
इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकासाठी आमच्या राज्याच्या सरकारी संगणक-कारभारावर लेख लिहितोय, त्यात नावापाशीच गाडी अडली आहे. व्हर्जिनियात २००३ साली कायद्याने ‘इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी इन्व्हेस्टमेंट बोर्ड’ आलं. राज्याचा मुख्य माहिती अधिकारी तेच नेमायचं, त्याच्यावर देखरेखही त्याचीच. २००५ मध्ये राज्याची सगळी संगणक यंत्रणा नॉर्थ्रॉप ग्रमन कंपनीकडे दीर्घ कराराने सोपवली गेली, त्यावरून कुरबुरी वाढत गेल्या आणि २००९ मध्ये बोर्डाने त्या अधिकाऱ्यालाच काढलं. २०१० मध्ये विधिमंडळाने बोर्ड मोडीत काढून ‘इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी अ‍ॅडव्हायझरी काउन्सिल’ आणलं. अधिकारी आता गव्हर्नर नेमतात, काउन्सिल फक्त सल्ला देतं. दोन्हींना ‘मंडळ’ म्हटलं तर मंडळ गेलं नि मंडळच आलं असं वाचणाऱ्याला वाटेल. काउन्सिल म्हणजे परिषद, बोर्ड म्हणजे मंडळ, कमिटी म्हणजे समिती असा काही पक्का नियम आहे का?

पोफळी :
आहे की. वस्तू व सेवा कर परिषद, विधान परिषद. परिषदच लिहा.

जुना कक्ष अधिकारी :
पोफळी, कोशापुरतं तुमचं बरोबर आहे. कारभारात तो नियम टिकत नाही. जिल्हा परिषद शाळा चालवते, दवाखाने चालवते, रस्ते बांधते. नगर परिषद कर वसूल करते. त्यांना कोणी सल्लागार म्हणेल का? उलट राज्य वन्यजीव मंडळ घ्या. नाव मंडळाचं, पण वन्यजीव कायद्यात त्याचं मुख्य काम राज्य शासनाला सल्ला देणं हेच आहे. २००२ च्या दुरुस्तीआधी कायद्यात त्याचं नावच सल्लागार मंडळ असं होतं; ‘सल्लागार’ गळालं, मंडळ राहिलं. तेव्हा शेवटच्या शब्दावरून अधिकार ओळखायला जाल तर फसाल.

मी मसुदे तपासायचो तेव्हा नावाकडे शेवटी बघायचो, आधी क्रियापद. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधलं कलम ८८ काढून बघा. केंद्र सरकारने सायबर विनियम सल्लागार समिती नेमायची, तिने सरकारला नियमांबाबत आणि नियंत्रकाला, म्हणजे डिजिटल सह्या प्रमाणित करणाऱ्या संस्थांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला, विनियमांबाबत सल्ला द्यायचा. लगेच पुढचं कलम ८९ म्हणतं, की नियंत्रकाने विनियम करायचे ते या समितीशी विचारविनिमय करून आणि केंद्र सरकारच्या पूर्वमान्यतेने. एकाच वाक्यात दोन दारं आहेत. समितीच्या दाराशी विचारलं की पुढे जाता येतं, सरकारच्या दाराशी होकार मिळेपर्यंत थांबावं लागतं. व्हर्जिनियाच्या लेखात हा फरक क्रियापदांतून दाखवा : आधीचं मंडळ ‘नेमत असे’, ‘देखरेख करत असे’, आताची परिषद ‘सल्ला देते’.

पोफळी :
म्हणजे ‘विचारविनिमय करून’ लिहिलं की सरकार सोयीप्रमाणे ऐकणार, हेच ना?

जुना कक्ष अधिकारी :
बहुतेक वेळा हो. पण हा शब्द वाटतो तितका मऊ नाही. न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठी राज्यघटनेत राष्ट्रपतींनी सरन्यायाधीशांशी विचारविनिमय करावा असं आहे. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, विचारविनिमय म्हणजे सहमती नव्हे. १९९३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तोच शब्द सहमतीच्या अर्थाने वाचला, आणि नेमणुकांचा सगळा डाव फिरला. घटनेतलं अक्षर जागचं हललं नव्हतं.

तुमच्या वस्तू व सेवा कर परिषदेचं बघा. ती ‘शिफारशी’ करते, आणि त्या संसदेवर व विधानमंडळांवर बंधनकारक नाहीत, त्यांना मोल आहे ते पटवून देण्यापुरतं, असं न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं. मंत्रिपरिषदेची गंमत आणखी वेगळी. राज्यघटनेच्या कलम ७४ मध्ये तिचं काम राष्ट्रपतींना साहाय्य करणं आणि सल्ला देणं एवढंच लिहिलेलं होतं. त्या सल्ल्यानुसारच वागायचं हे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने स्पष्ट घातलं. ‘सल्ला’ या शब्दाच्या पोटात आदेशही मावतो, फक्त देणारा कोण ते बघायचं.

देवनागरे :
नावाबद्दल मला वेगळीच शंका आहे. ‘माहिती तंत्रज्ञान सल्लागार परिषद’ हे पुन्हा एकदा वाचा. ‘माहिती तंत्रज्ञान सल्लागार’ म्हणजे आयटी कन्सल्टंट, आणि परिषद म्हणजे पत्रकार परिषदेसारखं काहीतरी भरलेलं. पुण्याच्या एखाद्या हॉटेलात कन्सल्टंट मंडळींचा दोन दिवसांचा मेळावा आहे असंच मला पहिल्यांदा वाटलं! शासनाला पैसे घेऊन सल्ला देणाऱ्या कंपन्यांनाही आपण ‘सल्लागार’च म्हणतो, म्हणून गोंधळ जास्त. त्यांच्यावर नजर ठेवायला परिषद नेमायची आणि नावावरून ती त्यांचीच वाटायची, हे बरं दिसत नाही.

व्हर्जिनियाकर :
अरेच्चा, हे सुचलंच नव्हतं. मग काय करावं? ‘सल्ला परिषद’?

देवनागरे :
‘सल्ला परिषद’ कानाला तुटक लागतं. मी ‘विषयक’ घालेन : ‘राज्य शासनाच्या माहिती तंत्रज्ञानविषयक सल्लागार परिषद’ नको, त्यात ‘शासनाच्या’ कुठे चिकटतं ते कळत नाही. ‘शासकीय माहिती तंत्रज्ञानविषयक सल्लागार परिषद’ चालेल. ‘शासकीय’ मात्र हवंच. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान धोरण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हिंजवडी येते. महाराष्ट्राचं २०२३ चं माहिती तंत्रज्ञान व सहाय्यभूत सेवा धोरण उद्योग विभागाचं आहे, त्यात उद्योगांना जागा, सवलती वगैरे. सरकारी कचेऱ्यांमधले सर्व्हर, ‘आपले सरकार’सारखी पोर्टलं हा निराळा संसार. व्हर्जिनियाची परिषद या दुसऱ्या संसाराची आहे ना?

व्हर्जिनियाकर :
हो, पूर्णपणे. नियोजन, अंदाजपत्रक, खरेदी, वापर, अगदी जुनी यंत्रं निकाली काढण्यापर्यंत. सल्ला द्यायचा तो मुख्य माहिती अधिकाऱ्याला आणि, कायदा झाला तेव्हाच्या रचनेप्रमाणे, तंत्रज्ञान सचिवांना. लेखात मी ‘परिषद मार्गदर्शन करते’ असं लिहिलंय, ते चालेल ना?

जुना कक्ष अधिकारी :
माझं मत विचाराल तर नाही. ‘मार्गदर्शन’ हा आपल्याकडे भाषणाचा शब्द झालाय. मान्यवर येतात, मार्गदर्शन करतात, हार घेऊन जातात. शासकीय पत्रव्यवहारात तर तो उलट्या दिशेने चालतो : खालचं कार्यालय वरच्याकडे ‘मार्गदर्शन मागवते’ आणि उत्तर येईपर्यंत फाइल थांबते. वरून आलेलं मार्गदर्शन ही जवळपास सूचनाच असते. परिषदेला तो मान देऊ नका. ‘सल्ला देते’ पुरे.

खलबत :
जाता जाता : सल्ला आणि मसलत हे दोन्ही अरबीतल्या एकाच धातूवरून, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले. ‘सल्लामसलत’ म्हणजे घरातल्याच दोघांची जोडी. पण मराठीत मसलतीला कटाचा वास लागला, सल्ला मात्र सोवळा राहिला.

पोफळी :
टास्क फोर्सचं काय? तेही सल्लाच देतात की.

देवनागरे :
‘कृती दल’ रूढ आहे, पण ते मुदतीचं काम. वाजपेयी सरकारने मे १९९८ मध्ये माहिती तंत्रज्ञानावर राष्ट्रीय कृती दल नेमलं, जसवंतसिंह अध्यक्ष, चंद्राबाबू नायडू सहअध्यक्षांपैकी एक. जुलैमध्ये त्याच्या १०८ शिफारशी आल्यासुद्धा. दल काम उरकून पांगतं. कायद्याने नेमलेल्या परिषदेचे सदस्य बदलतात, ती राहते. तेव्हा व्हर्जिनियाला दल नको.

व्हर्जिनियाकर :
ठरलं तर. जुनं ते ‘गुंतवणूक मंडळ’, नवी ती ‘शासकीय माहिती तंत्रज्ञानविषयक सल्लागार परिषद’, पुढे नुसती ‘परिषद’. एक शेवटचं : व्हर्जिनिया स्वतःला स्टेट म्हणवत नाही, कॉमनवेल्थ म्हणवते. कोशात त्याला ‘राष्ट्रकुल’ आहे.

जुना कक्ष अधिकारी :
अहो, मग राणीची आठवण येईल लोकांना. ‘राज्य’ लिहा.