मदत हवी आहे: घरी पर्सनल ट्रेनिंग देते, सोसायटीचं पत्र आलंय

दमसास
तातडीने सल्ला हवाय. मी घरीच व्यायामाचं पर्सनल ट्रेनिंग देते, सगळ्या बायकाच आहेत. काल सेक्रेटरींनी पत्र दिलं, 'निवासी सदनिकेतला व्यवसाय बंद करावा, १५ दिवसांत खुलासा द्यावा'. गुमास्ता (दुकान-आस्थापनेचं लायसन्स) काढलं की यांना काही बोलता येणार नाही ना? कुठे काढायचं? गूगल करा म्हणू नका, करून झालंय.

निवांत_काका
गाव कोणतं? मजला कितवा? एका वेळी किती जणी येतात? वजनं उचलता की नुसती आसनं?

दमसास
डोंबिवली. काका, लायसन्सचं विचारलंय.

रोजमेळ
गुमास्ता आता २०१७ च्या कायद्याखाली येतं. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यायची, पावती मिळते. पण ती पावती म्हणजे सोसायटीची परवानगी नव्हे. सेक्रेटरी ती वाचून फाइलला लावतील आणि पुन्हा पत्र देतील. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) हवी तर जरूर करा, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीच्या भानगडीत पडायची गरज नाही.

तिसरी_घंटा
आमच्याकडे शिकवणीवाल्या बाईंना मेंटेनन्सवर १० टक्के जादा लावले. तेवढे द्या आणि मोकळ्या व्हा.

रोजमेळ
ते १० टक्के नॉन-ऑक्युपन्सीचे. फ्लॅट भाड्याने दिला तर मालकाला लागतात, तेही सेवाशुल्कावर. शिकवणीशी त्याचा काय संबंध? तुमच्या कमिटीला विचारा एकदा.

तिसरी_घंटा
विचारलं होतं. म्हणाले, ठराव झालाय.

रोजमेळ
मग त्या बाईंना म्हणावं, उपनिबंधकांकडे (सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणारे अधिकारी) जा.

रांगडा_गडी
मुळात फ्लॅटमध्ये व्यायाम कशाला? आमच्या कोल्हापुरात गंगावेस तालीम आहे, मोतीबाग तालीम आहे. तांबड्या मातीत जोर-बैठका मारा, लायसन्स नको नि सेक्रेटरी नको.

दमसास
सगळ्या बायका आहेत असं लिहिलंय वर.

रांगडा_गडी
मग दोरीचा मल्लखांब लावा. मुलीही खेळतात तो.

दमसास
तिसऱ्या मजल्यावर दोर कुठे बांधू? पंख्याला?

स्लॅब_आणि_बीम
तिसरा मजला! हे आधी का नाही सांगितलं? घाबरू नका, निवासी खोलीचा स्लॅब आयएस ८७५ प्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलो लाइव्ह लोड (माणसं-सामानाचा भार) धरून बांधतात. चार जणी आणि थोड्या डंबेलांनी काही होत नाही, मात्र सगळी वजनं एका कोपऱ्यात रचू नका. खरा त्रास आदळण्याचा. उडी मारली की दणका स्लॅबमधून थेट खालच्यांच्या डोक्यावर. मॅट कोणती आहे?

दमसास
योगा मॅट, ६ एमएमची. चांगल्या कंपनीची आहे.

स्लॅब_आणि_बीम
ती गुडघ्यांसाठी असते, खालच्यांसाठी नाही. जाड रबर टाइल, त्याखाली प्लाय, त्याखाली पुन्हा मऊ थर. तरीही दोरीउड्या आणि बर्पी बंदच करा.

घाम_गाळा
मी स्वतः ट्रेनर आहे. उड्या बंद केल्या तर कार्डिओ काय झोपून करायचा?

स्लॅब_आणि_बीम
स्टेप-अप आहेत, रेझिस्टन्स बँड आहेत. तुमच्या खाली कोण राहतं हो?

घाम_गाळा
पार्किंग आहे.

स्लॅब_आणि_बीम
तरीच.

घाम_गाळा
बरं, ताई, पहिल्या दिवशी पार-क्यू (व्यायामाआधीची तब्येतीची प्रश्नावली) भरून घेता का? सातच प्रश्न असतात. छातीत दुखतं का, चक्कर येते का, बीपीची गोळी चालू आहे का. घरात कुणाला काही झालं तर सोसायटीचं पत्र ही फार किरकोळ गोष्ट वाटेल.

मऊ_भात
प्रोटीन पावडर कोणती देता? माझ्या सुनेला विचारायचं होतं.

घाम_गाळा
आयसीएमआरच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात ती टाळाच म्हटलंय. डाळ, अंडी, दही द्या. आणि वेगळा धागा काढा प्लीज.

निवांत_काका
माझ्या प्रश्नांची उत्तरं अजून अर्धवटच आहेत. फ्लॅट स्वतःचा आहे ना?

दमसास
भाड्याचा. मालक पुण्याला असतात, त्यांना काय फरक पडतो?

रोजमेळ
अहो ताई, हे पहिल्या ओळीत हवं होतं! लिव्ह अँड लायसन्सचा करार काढून वाचा. 'फक्त राहण्यासाठी' असं कलम बहुतेक करारांत असतं. सोसायटीचे सभासद मालक आहेत, तुम्ही नाही. त्यांची लेखी संमती नसेल तर तुमच्या खुलाशाला वजन नाही. आजच फोन करा.

तिसरी_घंटा
आणि लाइट मीटर कमर्शियल करावा लागेल, दंड वेगळा.

रोजमेळ
भीती घालू नका. घराच्या काही भागात छोटा व्यवसाय आणि महिन्याचा वापर ३०० युनिटच्या आत असेल तर महावितरण घरगुती दरच लावतं.

दमसास
मालकांशी बोलले. म्हणाले, सोसायटीची हरकत नसेल तर माझीही नाही. सोसायटी म्हणते मालकांचं पत्र आणा. आता?
तक्रार कुणाची तेही कळलं. खालच्या मावशींचा मुलगा नाइट शिफ्ट करून पहाटे येतो, आणि माझी पहिली बॅच सहाची. पण माझ्या बायकांना आठच्या आत लोकल धरायची असते, बॅच अकराला ढकलली तर कोण येणार?

निवांत_काका
सकाळच्या बॅचला फक्त आसनं आणि बँड. वजनं संध्याकाळी. हे लेखी लिहून द्या, खाली मावशींची सही घ्या. तक्रारदाराचीच सही असली तर कमिटी कशाला ताणेल? मग तोच कागद मालकांना पाठवा.

रांगडा_गडी
गच्चीवर घ्या की.

रोजमेळ
गच्ची सगळ्यांची, त्याला सभेचा ठराव लागेल.

दमसास
मावशींकडे आज जाते. रबर टाइल डोंबिवलीत कुठे मिळतील?

स्लॅब_आणि_बीम
टाइल नंतर घ्या. आज जाताय तर मावशींच्या घरात उभ्या राहा आणि वर कुणाला तरी डंबेल ठेवायला सांगा, आधी हळू, मग तुमच्या बायका ठेवतात तसं. किती ऐकू येतं ते इथे लिहा, जाडी मग सांगतो.