पुण्याच्या थंडीत ई-सायकलची बॅटरी: तुमचे अनुभव सांगा

पाषाणहून (धागा सुरू करणारा)
परवा पहाटे साडेपाचला एनडीएकडे निघालो. स्वेटर, कानटोपी, सगळा जामानिमा. चांदणी चौकाच्या चढावर बॅटरीचे तीन दांडे धाडकन एकावर आले आणि मोटर गप्प. ढकलत टपरीपर्यंत नेली, चहा घेतला, बटण दाबलं तर पुन्हा दोन दांडे! 36 व्होल्ट, 10 एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी आहे, तीन वर्षं वापरलेली. एरवी 40 किलोमीटर जाते, सध्या 33-34 ला मान टाकते. म्हातारी झाली की नुसती गारठलीय? थंडीत तुम्ही काय करता ते लिहा.

कर्वेनगरहून
गारठलीय. थंडीत सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते आणि आतला रोध वाढतो. चढावर मोटर भसाभस करंट ओढते, व्होल्टेज खाली बसतं आणि बीएमएसला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या आतल्या सर्किटला) वाटतं बॅटरी संपली. तुम्ही चहा प्यायला थांबलात, ओढ थांबली, व्होल्टेज वर आलं. चहाचा यात काही हात नाही.

निवृत्तीनंतरचा उद्योग म्हणून मी हँडलला शंभर-दीडशे रुपयांचा व्होल्टमीटर लावलाय. पूर्ण भरलेली 36 ची बॅटरी 42 दाखवते. अर्धी झाल्यावर सपाटीला 36-37. जानेवारीत सकाळी सहाला त्याच अवस्थेत वारज्याचा पूल चढताना काटा 33 च्या खाली जातो, दुपारी त्याच पुलावर 34.5 च्या खाली येत नाही. म्हणून दांड्यांवर भरवसा ठेवू नका. पहिले दोन-तीन किलोमीटर असिस्ट (मोटरची मदत) एकवर ठेवा, गिअर हलका, पाय मारा. चालता चालता बॅटरी आतून थोडी कोमट होते. आणि बॅटरी रात्री पार्किंगमध्ये ठेवता का? असाल तर घरात आणा.

सदाशिव पेठेतून
सगळं बॅटरीवर ढकलायच्या आधी टायरची हवा बघितलीत का? कोजागिरीला भरलेली हवा संक्रांतीला तेवढीच राहत नसते. तीस अंशांवर 50 पीएसआय भरली असेल तर दहा अंशांवर नुसत्या गारव्यानेच चार-पाच पीएसआय कमी दिसते, शिवाय ट्यूबमधून झिरपते ती वेगळीच. पंप घरात असतो, वापरायचा कंटाळा असतो. (माझाच अनुभव.)

धायरीहून
आमच्याकडे उलटा प्रकार झाला. सासूबाईंनी पाहिलं, बॅटरी फरशीवर, चार्जिंगला लावलेली, बाहेर बोचरी थंडी. मायेने गोधडी पांघरली. चार्जरसकट! मी तासाभराने हात लावला तर चार्जर इस्त्रीसारखा तापलेला. तेव्हापासून चार्जिंग लाकडी पाटावर, भिंतीपासून वीतभर लांब, वर काहीही नाही आणि घरात कोणीतरी जागं असतानाच. सासूबाई अजून म्हणतात, "बिचारी उघडीच आहे."

औंधहून
मी तीन वर्षं म्युनिकला होते. तिकडे खरी भीती वेगळी: सेल शून्याच्या खाली असताना चार्ज केला की आत लिथियमचा धातू साचतो. गेलेली क्षमता परत येत नाही, पुढे शॉर्ट व्हायचाही धोका. त्यामुळे ऑफिसात बॅटरी टेबलाखाली, रस्त्यावर तिला निओप्रीनचं जाकीट, आणि घरी आल्यावर तास-दोन तास तशीच ठेवायची. गार बॅटरी उबदार खोलीत आली की तिच्यावर दव धरतं. पिना कोरड्या झाल्याशिवाय चार्जर लावायचा नाही.

पुण्यात यातलं जाकीट विकत घेऊ नका. इथला नोंदलेला नीचांक 17 जानेवारी 1935 चा, तोही 1.7 अंश. आपल्या थंडीत बॅटरी खराब होत नाही, तेवढ्यापुरती कमी पळते. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली ती जे भोगते त्याची काळजी करा.

विमाननगरहून
डिसेंबरमध्ये बॅटरी जवळजवळ रिकामी करून माळ्यावर टाकली आणि मुलीकडे गेलो. मार्चमध्ये आलो तर चार्जरचा दिवा हिरवाच, बॅटरी भरतच नाही. बुधवार पेठेतल्या दुरुस्तीवाल्याने उघडून मीटर लावला: बरेच सेल दोन व्होल्टच्याही खाली. म्हणाला, "काका, ढकलून चार्ज करता येईल, पण मी करणार नाही, पेट घेतला तर?" अकरा हजारांचा नवा पॅक. आता कुठे जायचं असलं की अर्धी भरून कपाटात, आणि महिन्यातून एकदा तपासायला शेजारच्या मुलाला किल्ली.

पाषाणहून
सदाशिव पेठ, नमस्कार घ्या. मागच्या टायरात 31 पीएसआय निघाली. 50 भरली, बॅटरी रात्री हॉलमध्ये ठेवली, आज असिस्ट एकवर निघालो. चांदणी चौक न उतरता चढलो, घरी 38 किलोमीटर झाले तेव्हा एक दांडा शिल्लक होता. सोसायटीने पार्किंगमधला चार्जिंग पॉइंट काढून टाकला म्हणून महिनाभर भांडत होतो, आता मुकाट्याने तीन किलोचं धूड चौथ्या मजल्यावर नेतोय.